आभाराचा फोटो

आमच्या चर्चच्या मदतसंस्थेच्या तळघरातली कोठी अठरा वर्षं एकाच बाईंच्या ताब्यात. आधी त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात होत्या. निर्वासितांसाठी आलेला प्रत्येक कपडा आधी नाकाला लावायच्या, मग धुवायच्या, मग कडक इस्त्री. म्हणून त्यांचं नावच पडलं इस्त्रीबाई. लोक काय काय देतात, काय सांगू! घामट बनियनं, एकाच पायाचा बूट, कुणाच्या तरी मेलेल्या आजोबांची कवळी. शी! "प्रभूच्या नावानं घरातला कचरा काढतात मेले," बाई म्हणायच्या. मी व्हॅनचा ड्रायव्हर, मला तर ते उचलतानाच ओकारी यायची.

त्या घाणीत एकदा चक्क चांगलं शिलाई मशीन आलं. त्याच आठवड्यात बायको आणि दोन मुलींना घेऊन एक शिंपी आला. पडदे शिवणाऱ्या कारखान्यात त्याला काम मिळत होतं, पण सोमवारी स्वतःचं मशीन घेऊन हजर व्हायला हवं होतं. म्हटलं, चला, याचं तरी भलं झालं.

कसलं काय! सेक्रेटरीसाहेब आडवे आले. आमच्याकडे नियम असा, की वस्तू दिली की त्या घरातल्या कुणाचा तरी वस्तूसोबत फोटो काढायचा आणि रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना मोठा करून दाखवायचा. शिंप्यानं हात जोडले. "साहेब, माझा भाऊ अजून तिकडेच आहे. आमचे चेहरे कुणी पाहिले तर त्याला उचलतील."

"अहो, आपलीच माणसं बघणार," साहेब गोड हसले. "देणाऱ्यांना समाधान नको? फोटो नसेल तर मशीनही नाही. घेणारे पुष्कळ आहेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दया करता आणि वर माणसाचा चेहरा मागता? पण नोकरीसाठी मूग गिळले, त्याचीही किळस येते.

शनिवारी मशीन पोचवायला बाई माझ्याबरोबर आल्या. शिंप्याच्या बायकोचा रुमाल मागून त्यांनी डोक्याला गुंडाळला, चष्मा काढला आणि मशीनसमोर बसल्या.

"काढ फोटो."

"बाई, वेड लागलंय का? बघताक्षणी ओळखतील. हाकलून देतील तुम्हाला."

"देऊ देत. काढ म्हणते ना!"

रविवारी भिंतीवर भल्यामोठ्या बाई. तेच नाक, हनुवटीवरची तीच चामखीळ. खऱ्या बाई तिसऱ्या रांगेत, मुठी आवळून बसलेल्या. सेक्रेटरींनी रडवेला सूर लावून या 'दुःखी भगिनीची' कहाणी सांगितली, सगळी मनची. लोक डोळे पुसत होते. ढोंगी कुठले!

प्रार्थना संपली तशा अध्यक्षबाई थेट इस्त्रीबाईंकडे आल्या. दर रविवारी यांच्याच हातचा चहा पिणाऱ्या. त्यांचा हात दाबून म्हणाल्या, "पाहिलेत ना तिचे डोळे? किती सोसलंय बिचारीनं! बरं, चहा मांडलात का?"

बाईंनी चहा मांडला.

सोमवारी शिंप्याला मशीनसकट कारखान्यात सोडलं. परत येताना व्हॅनमध्ये शेजारी बसलेल्या बाईंना मी म्हटलं, "वाचलात हो बाई!"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "अठरा वर्षं रे. एकानंही ओळखू नये मला?"