दीडपट भाटवे

भाटव्यांच्या कानात गेलेला आकडा तोंडातून बाहेर येईपर्यंत दीडपट झालेला असे. दुप्पट नाही, तिप्पट नाही, दीडपट. दोनशे माणसांची पंगत त्यांच्या तोंडी तीनशेची होई आणि चाळीस फुटांची विहीर साठ फूट खोल जाई. मी एकदा कारण विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, "बाबू, दुप्पट केलं तं लोकाइले समजते. दीडपट पचते."

आमच्या भंडारा जिल्ह्यात बहिणीच्या नवऱ्याला भाटवे म्हणतात. हे माझे भाटवे होते, पण हळूहळू सगळ्या तुमसरचे झाले. वडिलांनी सहा एकर धानाचे शेत ऐकून ताईचे लग्न ठरवले. लग्नानंतर बांधावर उभे राहून पाहिले तर शेत चार एकर. वडील महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. ताई मात्र म्हणे, "चार एकर जमिनीत आहे अन् दोन एकर तोंडात. तोंडातलं कधी बुडत नाही."

त्या तोंडाच्या जोरावरच भाटव्यांनी सत्तरच्या दशकात फ्री-स्टाईल कुस्त्यांचे शो सुरू केले. आमच्याकडे कुस्ती नव्हती असे नाही. गावोगावी आखाडे होते. मातीत दोन माणसे भिडत, एकाची पाठ लागे, दुसऱ्याला नारळ मिळे आणि लोक घरी जात. त्यात खोटे बोलायला जागा नव्हती, म्हणून भाटव्यांना ती कुस्ती कधी आवडली नाही. त्यांनी फळ्यांचा चौथरा बांधला, त्यावर धानाची तणस, म्हणजे पेंढा, पसरली, वर ताडपत्री ताणली, चार बाजूंना दोर लावले आणि भोवती कनात मारून तिकीट ठेवले. वर्षभर लहान शो चालत. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत, माणसे नटूनथटून गावोगाव हिंडत असताना, एक मोठा शो होई. त्याला ते महादंगल म्हणत. महादंगल म्हणजे नेहमीचेच पहिलवान, नेहमीचाच चौथरा आणि दोन जास्तीचे भोंगे.

कोण जिंकणार हे आदल्या दिवशी ताईच्या ओसरीत ठरे. ठरवून केलेल्या कुस्तीला पहिलवान लोक नुरा म्हणतात. भाटव्यांना हा शब्द खपत नसे. "नुरा नोको म्हणू, बाबू. हे नाटक आहे. फरक एवढाच का नाटकात पडला तं लागत नाही."

त्यांचा सगळ्यात मोठा माल म्हणजे इराणचा काळा गेंडा. अंगात काळा पोशाख, तोंडावर काळा मुखवटा, डोळ्यांना दोन भोके. हा गेंडा मूळचा आमच्याच भागातला काशीराम, तलावात जाळे टाकून पोट भरणारा. खांदे रुंद, स्वभाव गरीब. त्याच्या अंगाला मासळीचा वास येई, म्हणून भाटवे माइकवरून आधीच सांगून टाकत की इराणी पहिलवान समुद्राकाठचे असतात. एका महादंगलीत समोरच्याने त्याचा अंगठा चुकून खरोखरच मुरगळला आणि गेंडा ओरडला, "माय वो, मेलो." कनातीत एकदम शांतता पसरली. इराणचा माणूस आमच्या झाडीबोलीत ओरडला होता. भाटवे क्षणभरही थांबले नाहीत. भोंग्यातून आवाज आला, "भाइयो, इराणी भाषेत माय वो म्हणजे मी माफ करणार नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे कित्येक महिने तुमसरच्या बाजारात भांडणे 'माय वो'नेच सुरू होत.

एका वर्षी पिंजऱ्यातली कुस्ती झाली. लोखंड परवडणारे नव्हते, म्हणून बांबूच्या ताट्या बांधून पिंजरा केला. 'पिंजरा तोडून जो बाहेर येईल तो विजयी' अशी जाहिरात जीपवरून आठवडाभर फिरली. कुस्ती सुरू होण्याआधीच काशीराम दम खायला एका ताटीला टेकला आणि ताटीसकट खाली तणशीत पडला. भाटव्यांनी तिथल्या तिथे त्याला विजयी जाहीर केले. लोक हसत बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी परत आले. याचा मला आजही राग येतो. फसवणाऱ्याचे मी समजू शकतो, पण दरवर्षी तिकीट काढून फसायला येणाऱ्यांचे काय करायचे?

या सगळ्यात मी कसा आलो, ते सांगतो. मी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये काट्यावर होतो. शेतकऱ्यांचे धान माझ्या हातून तोलले जाई. गावात मला काटेबाबू म्हणत. माझ्या काट्यावर दरवर्षी सरकारी शिक्का मारून घेतलेला असे, आणि त्यात रतीभरही फरक निघाला नाही, हा माझा अभिमान. भाटव्यांनी मिलच्या शेटजींना पटवले आणि महादंगलीच्या दिवशी मिलचा एक काटा चौथऱ्यावर नेऊन ठेवायचे ठरले. पहिलवान सगळ्यांसमोर तोलायचे. मी निक्षून सांगितले, "काट्यावर जो आकडा येईल तोच मी बोलणार."

"बोल न," भाटवे म्हणाले. "तू खरं बोल, मी मोठ्यानं बोलतो."

तसेच झाले. काशीराम काट्यावर चढला. मी म्हणालो, "ब्याऐंशी." भोंगा म्हणाला, "एकशे तेवीस किलो!" मी भाटव्यांकडे पाहिले. त्यांनी माइकवर हात ठेवला आणि मला समजावले, "शेतकऱ्याले ठाऊक आहे, मिलचा काटा खाते. एवढीएवढी भरपाई मी करून राहिलो. तुले कायचा त्रास?"

त्रास सोमवारी सुरू झाला. बैलबंड्यांची रांग मिलच्या दारात लागली आणि पहिलाच म्हातारा म्हणाला, "काटेबाबू, आमचं धानही त्या गेंड्यासारखं तोला न जी." मागचे सगळे हसले. प्रत्येक हंगामात हा टोमणा मला ऐकावा लागला. माझा काटा खरा होता, पण भाटव्यांच्या आकड्याशेजारी उभा राहिल्यामुळे तो खोटा ठरला.

त्यांच्या एकाच नेमाला नावे ठेवणे मला अवघड जात असे. त्यांनी शो कधी रद्द केला नाही. एकदा अवकाळी पावसाने कनात उडाली, तेव्हा त्यांनी उघड्यावर कुस्त्या घेतल्या. एकदा पहिलवानांचा ट्रक वाटेत बंद पडला. भाटव्यांनी तिकिटे फाडणाऱ्या दोघांना लंगोट नेसवून चौथऱ्यावर चढवले. तिकिटांचे पैसे परत करावे लागू नयेत म्हणून हे चालते, असे मी म्हणत असे, आणि त्यात तथ्यही होते. पण भाटवे म्हणत, "बाबू, लोक बंडी जुपून येते, लेकरंबाळं घेऊन. घरी राहिलेल्या म्हातारीले जाऊन काय सांगतीन, का कुस्तीच नाही झाली?"

शेवटची महादंगल सिहोऱ्याला झाली. साल ऐंशीच्या पुढचे. त्या वेळी भाटव्यांनी खुले आव्हान काढले. काळ्या गेंड्यासमोर जो पाच मिनिटे उभा राहील त्याला चांदीची गदा. आव्हान घेणारे नेहमी भाटव्यांचेच ठरलेले असत. पण सिहोऱ्याच्या दौलत पाटलाला हे कुणी सांगितले नव्हते. तो मातीतला खरा पहिलवान, तिशीतला, धानाचे पोते एका हाताने बंडीत टाकणारा. त्याने आव्हान मनावर घेतले आणि सगळे गाव सोबत आणले.

नेमका त्याच सकाळी काशीराम हिवतापाने पडला. दोन घोंगड्या पांघरूनही त्याचे दात वाजत होते. "मालक, उभा नाही होऊ शकत मी," तो म्हणाला. भाटव्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू झोप."

बाहेर दुपारच्या उन्हात कनात भरली होती. ताई म्हणाली, "सांगून टाका लोकाइले. आजारी आहे म्हणा." भाटव्यांनी फटीतून भरलेली कनात पाहून घेतली. थोड्या वेळाने ते दिसेनासे झाले. मला वाटले, पळाले. मनात म्हटले, चला, शेवटी यांचाही एक शो रद्द झाला.

तेवढ्यात कनातीमागून काळा गेंडा आला आणि चौथऱ्यावर चढला. पोशाख खांद्यावरून लोंबत होता. पोटावर टॉवेल कोंबलेला दिसत होता. तो काट्यावर उभा राहिला. काटा अठ्ठावन्नवर स्थिर झाला. मिलमध्ये गप्पा मारायला आले की भाटवे गमतीने माझ्या काट्यावर उभे राहत, आणि वर्षानुवर्षे तो याच आकड्यावर थांबत असे. मला मुखवटा काढून पाहायची गरज नव्हती. खाली बसलेल्या ताईने पदर तोंडाला लावला. तिनेही ओळखले होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस दौलत पाटलासमोर उभा राहणार होता. त्याची मान मोडली असती तर सिहोऱ्याहून दवाखाना जवळ नव्हता.

माइक माझ्यासमोर होता, आणि बोलायला दुसरे कुणी नव्हते. मुखवट्याच्या भोकांतून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते. ते काय मागत होते ते मला ठाऊक होते. सत्त्याऐंशी.

मी म्हणालो, "अठ्ठावन्न किलो."

हे ऐकून लोक हसतील, दौलत पाटील हात जोडून मागे फिरेल आणि भाटवे हाडे शाबूत घेऊन खाली उतरतील, असा माझा हिशोब होता. लोक हसले खरे. पण पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून म्हणाला, "मिलचा काटा आहे तो, कमीच दाखवन. दीडपट करा, दीडपट." आणि साऱ्या कनातीने ओरडून बेरीज-गुणाकार सुरू केला. कुणी पंच्याऐंशी म्हणाले, कुणी नव्वद. शेवटी एका शिकलेल्या पोराने सत्त्याऐंशी काढले आणि त्यावर सगळ्यांचे एकमत झाले. भाटव्यांच्या भोंग्यातून बोलला गेलेला पहिला खरा आकडा, आणि तो एकाही माणसाने घेतला नाही.

कुस्ती लागली. दौलत पाटलाने पहिल्याच झडपेत गेंड्याला कमरेत धरून उचलले आणि तो तसाच थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा जोश उतरला. मुखवटा त्याच्या कानाशी गेला होता. मग पाटलाने गेंड्याला हळूच खाली ठेवले आणि दोघे चौथऱ्यावर गोल फिरू लागले. पाटलाला आयुष्यात कधी नुरा जमली नव्हती. तो दगडासारखा हातपाय हलवत होता. पण भाटवे एकटेच दोघांची कुस्ती खेळले. स्वतःच आपटले, स्वतःच घसरले, दोरावर जाऊन लोंबले, पाटलाचा हात नुसता लागला तरी भेलकांडले. पाच मिनिटे भरली, लोक उभे राहून ओरडू लागले, आणि शेवटी पाटलाने त्यांना खांद्यावरून टाकले. टाकले जपूनच, पण त्या जागी ताडपत्रीखालची तणस सरकलेली होती. हाड मोडल्याचा आवाज मी चौथऱ्याच्या कडेवरून ऐकला. मुखवट्यातून 'माय वो' आले नाही, काहीच आले नाही. गेंडा उठला आणि चांगल्या हाताने पाटलाचा हात वर केला.

नंतर पाटील मिलमध्ये धान घेऊन आला तेव्हा मी विचारले, "कानात काय म्हणाले होते?"

तो म्हणाला, "म्हणे, पाटील, गेंडा तापानं पडला आहे, मी त्याचा मालक. लोक दुरून आले. जरा पुरवून पुरवून पाडजो." मग पोते काट्यावर ठेवत म्हणाला, "मले गदा पाहिजे होती, काटेबाबू, पण खरी पाहिजे होती. ती मी घरात लावली नाही."

ती गदा चांदीची नव्हतीच, हे मी त्याला सांगितले नाही. पाटलाचा मान या माणसाने त्याच्याच गावात मातीत घातला, आणि पाटलाने तो घालू दिला. हे बरोबर झाले असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

भाटव्यांचा खांदा नीट बसला नाही. तुमसरात व्हिडिओवर सिनेमे दाखवू लागले आणि चौथऱ्याच्या फळ्या ताईने गोठ्याला लावल्या. आता माझ्या घरी टीव्हीवर परदेशी कुस्त्या लागतात. दिवे, धूर, मुखवटे, लोखंडी पिंजरे. निवेदक पहिलवानाचे वजन सांगतो आणि मुले तोंड उघडे टाकून ऐकतात. मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणतो, "दीडने भाग." मुलांना वाटते, बाबा चिडले. मी चिडलेलोच असतो. एवढा खर्च करूनही त्या लोकांना भाटव्यांहून नवे काही सुचलेले नाही.

शेवटच्या आजारात मी त्यांच्याजवळ बसलो होतो. चार दिवसांनी ते गेले. अंगावर काही उरले नव्हते. काट्याची सवय असलेल्या माणसाला अशा वेळी नको तो अंदाज येतोच. वेळ घालवायला मी विचारले, "भाटवे, सगळे मिळून शो किती केले?"

"साठ," ते म्हणाले. मी मनात चाळीस धरले.

"अन् रद्द किती झाले?"

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ते मोजत असावेत. ताई दारात येऊन थांबली होती.

"शून्य," ते म्हणाले.

सवयीने मी त्यालाही दीडने भागले.