डकांचं गाव

खदानीतून कोळसा काढला का मागं मातीचा ढीग राहते बाप्पा. आमच्या या इंग्रजी गावातली खदान कवाचीच बंद झाली, ढिगावर आता मेंढ्या चरतात. पण किस्स्यांचा ढीग? तो वाढूनच रायला!

मी नामदेव. चंद्रपूरच्या खदानीत एकतीस वर्षं खाली उतरलो. पोरगी वर्षा इथं नॉटिंगहॅमच्या वरतं नर्स आहे, म्हणून आलो. पहिल्याच दिवशी एक म्हातारा गोरा भेटला. हात वर करून म्हणते, "आय अप, मी डक!"

म्हटलं, वा, याले मराठी येते! म्या पण सांगितलं, "मी नामदेव."

पुढं पोस्टातली बाई, "मी डक." बसचा ड्रायव्हर, "मी डक."

घरी येऊन म्हटलं, "वर्षे, अख्खं गाव एकाच भावकीचं दिसते. डकांचं!"

ती हसून हसून खाली बसली. "बाबा, त्यांचं 'मी' म्हणजे 'माझं'. इथं लाडानं 'माझं बदक' म्हणतात हो!"

"कोणाले?"

"तुम्हाला!"

तवापासून मी पण रोज ओरडतो, "मी डक!" दोन्ही भाषांत खरंच आहे.

*

तो म्हातारा म्हणजे केन, खाणवाल्यांच्या क्लबचा सेक्रेटरी. क्लब म्हणजे एक हॉल, जुन्या खुर्च्या अन् चहाची किटली. म्हणे, "उद्या ये. स्नॅप घेऊन ये."

म्या टाय लावून फोटो काढला, घेऊन गेलो. केननं तो उलटापालटा पाहिला. "हा खाशील कसा?"

खदानीतल्या जेवणाच्या डब्याले इकडं स्नॅप म्हणते!

दुसऱ्या दिवशी डबा नेला. आत ठेचा. तिथं अल्बर्ट म्हणून एक ठार बहिरा. ते लोक वाटाण्यावर पुदिन्याची हिरवी चटणी घेतात. त्याले वाटलं तीच. चार चमचे तोंडात घातले. म्या काही सांगितलं नाही. त्यानं विचारलं कुठं?

अल्बर्ट लाल झाला, खुर्चीवर चढला अन् बोंबलला, "घड्याळाची टिकटिक ऐकू येते मले!"

दुसऱ्या दिवशी तीन बहिरे चमचे घेऊन दारात.

*

गावाच्या वेशीवर खदानीचं मोठं चाक अर्धं पुरून ठेवलं आहे, आठवण म्हणून. दसऱ्याले म्या त्याले हळदकुंकू लावलं. अवजार आहे ना! केनले वाटलं, कोण्या पोट्ट्यांनी रंग फासला. त्याले समजावलं, तर म्हणे, "अजून काय लागते?"

म्हटलं, "नारळ."

धावत दुकानात गेला अन् शांपूची बाटली घेऊन आला. "कोकोनट एवढाच उरला होता."

आता हा फोडायचा कसा? झाकण उघडून वाहिला. संध्याकाळी पाऊस आला. वेशीवर कमरेइतका फेस!

*

मग क्लबातला एक म्हातारा, जॅक, वारला. क्लबच्या कागदात जुना नियम होता: जमिनीखाली काम केलेले बारा मेंबर पाहिजेत, नाही तर हॉल कौन्सिलले परत. कौन्सिल तिथं योगा ठेवणार. उरले अकरा. केनची बायको गेली तवापासून तो दिवसभर तिथंच बसते.

म्हणे, "नाम, हॉल गेला तर मी सकाळी उठून जाऊ कुठं?"

म्हटलं, "बारावा मी!"

तरी अकराजणांनी परीक्षा घेतलीच. अल्बर्ट म्हणे, "आमचा कोळशाचा थर दोन फूट. कुशीवर झोपून खोदायचो."

"आमचा एक फूट. उतरायच्या आधी मिशी काढावी लागे."

केन म्हणे, "आमचे उंदीर मांजराएवढे."

"आमच्या उंदरांची हजेरी लागे. दिवाळीची सुट्टी पण."

पास!

*

कौन्सिलची मॅडम माहा खदानीतल्या कामाचा दाखला पाहायला आली. संगं दुभाषी, पुण्याची एक पोरगी. मले वाचता येते जेमतेम. चंद्रपूरहून निघताना पेटीत गोल शिक्क्याचा कागद दिसला, तोच उचलून आणला होता.

पोरीनं वाचला. परत वाचला. मग हळूच मराठीत म्हणे, "काका, हा म्हशीचा दाखला आहे. गुरांच्या डॉक्टरांचा."

खरा दाखला राहिला चंद्रपूरले! म्हटलं, "पोरी, एकतीस वर्षं खाली होतो, आईशप्पथ. पण माह्याकडं नको, त्या केनकडं पाहा."

केन टोपी पिळत उभा. पोरीनं त्याच्याकडं पाहिलं, घसा साफ केला अन् इंग्रजीत सुरू झाली. एक अक्षर खोटं नाही!

"रंग काळा. प्रकृती धडधाकट. डावीकडचं जरा मोडलेलं." 'शिंग' तिनं गाळलं.

"अरेरे," मॅडम म्हणे.

"अन्..." कागदात वेतं दोन, म्हणजे म्हैस दोनदा व्यालेली; तिथं पोरगी अडली. "अन् दोनदा मोठ्या कळा सोसल्या."

मॅडमनं डोळे पुसले. शिक्का उचलला. अन् तसाच हवेत धरून कागदावर बोट ठेवलं. "हा आकडा कसला?"

"रोज आठ लिटर."

"आठ लिटर काय?"

पोरीनं माह्याकडं पाहिलं. म्या केनकडं.

"बिअर, मॅडम," केन म्हणे. "खाली तहान फार लागते."

ठप्प!