शेवळांवर पनीरचा बोर्ड

आटगावच्या नाक्यावर भागीरथीची खानावळ होती आणि तिथं पनीर मिळत नव्हतं. कुणी मागितलंच तर कढईवरून मान वर न करता ती विचारायची, "पनीर कंच्या रानात उगवतं ते सांग, खुडून आणते."

रानात जे उगवतं, ओढ्यात जे घावतं, तेच तिच्या चुलीवर. जूनमध्ये शेवळांचे रानकोंब, मग चिंबोऱ्या, भाताच्या खाचरातले मासे. पण हायवेला ढाबे झाले नि गिऱ्हाईक तिकडं वळलं. मुलगा शेखर वैतागला. २००४ साली 'पंजाबी-चायनीज' असा बोर्ड रंगवून आणून त्यानं भिंतीला टेकवून ठेवला.

"आये, लोकांना शेवळं समजत नाय."

"मंग समजव की! तोंड कशाला दिलंय?"

शेवटी पैज ठरली. भातसानगरचा महेंद्र धरणावर कामाला होता. त्यानं आपल्या साहेबाच्या निरोपाचं जेवण इथं सांगितलं होतं. पाहुण्यांना शेवळं आवडली तर बोर्ड चुलीत, नाय आवडली तर भिंतीवर.

शेवळाचे कोंब घशाला खाजतात. काकडाची आंबट फळं वाटून रस घातला की खाज मरते. भागीरथीनं कोंब सोलले, चिरले, सुकट घालून शिजत टाकले. काकडाच्या रसाची वाटी चुलीपाशी ठेवली. तेवढ्यात शेखर बोलला, "सोबत थोडं पनीर करू काय? अडचण नको."

झालं! उलथणं घेऊन ती त्याच्या मागं पार रस्त्यापर्यंत गेली. "माझ्या चुलीवर भरवसा नाय तुला? रांडेच्या, ह्याच शेवळांवर वाढलास!" अर्धा नाका जमला. ती परत आली तोवर कालवण उतरलेलं. सून भूमिकेला वाटलं, रस सासूनं घातला. सासूला वाटलं, सुनेनं घातला असंल.

साहेबानं दुसरा घास घेतला आणि खोकला. मग महेंद्र. मग अख्खी पंगत.

"मावशी, काय घातलं ह्यात?" महेंद्रनं विचारलं.

भागीरथीनं चुलीकडं बघितलं. वाटी तशीच, काठोकाठ भरलेली.

चुकलं म्हणायची जीभ तिला देवानं दिलीच नव्हती. "नवख्यांना खाजतंच," म्हणत तिनं ताट ओढलं आणि सगळ्यांसमोर शेवळं ओरपायला बसली.

"मंग डोळ्यांत पाणी का गो मावशी?"

"कांदा कापला सकाळी!"

पाहुण्यांना खाज मरायला चिंचेचं पाणी पाजून भूमिकेनं वाटेला लावलं. ताट चाटूनपुसून संपवेपर्यंत भागीरथीनं मात्र त्या पाण्याला हात लावला नाही.

संध्याकाळी शेखर बोर्ड घेऊन स्टुलावर चढला. "आये, लावू ना?"

शिवी तिच्या ओठांवर तयार होती. तिनं तोंड उघडलं. सुजलेल्या घशातून नुसती हवा निघाली.

"'नाय' बोलत नाय म्हंजे हो," शेखर म्हणाला आणि त्यानं पहिला खिळा ठोकला.