ड्वेनची बॅट कापली तो शनिवार

परातीतले वाटाणे निम्मे सोलून झाले होते, तेवढ्यात ड्वेन टेर हारची गाडी चर्चकडे वळताना मार्लिसला खिडकीतून दिसली. तिने हात पुसले, लोखंड कापायची करवत पिशवीत घातली आणि निघाली.

गेल्या जुलैत, बेसबॉलच्या सरावात तिचा नवरा व्हर्लिन चेंडू टाकत होता, आणि ड्वेनने मारलेला चेंडू परत येऊन त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला, पाठोपाठ दुधाच्या टँकरवरचं काम गेलं. ड्वेनची बॅट कार्बनची, पोकळ. अशी बॅट आतून तासून पातळ केली की चेंडू गोळीसारखा सुटतो; खेळात त्याला बंदी आहे. ड्वेनने तेच केलंय, ही मार्लिसची खात्री होती. त्याची चोरी चारचौघांत उघडी पडावी, याखेरीज देवाकडे तिचं मागणं नव्हतं. चर्चमध्ये प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करायची ओळ आली की ती ओठ मिटून घेई आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू करी.

चर्चच्या तळघरात बेसबॉल संघाची न्याहारी चालली होती. व्हर्लिन कॉफी घेऊन कोपऱ्यात बसला होता.

"ये मार्लिस," ड्वेन म्हणाला. "पिशवीतून करवत डोकावतेय, ती कशाला? पॅनकेक एवढे काही कडक नाहीत."

लोक हसले.

"तुझी बॅट दे."

"मार्लिस, घरी चल," व्हर्लिन म्हणाला.

"तू गप बस. वर्षभर गप्पच बसलायस."

ड्वेनने बॅट टेबलावर ठेवली. "काप. बोट सांभाळ फक्त."

तिने कापली. तुकडा गळून पडला. आतली भिंत सगळीकडून सारखी जाड, हत्याराचा एक ओरखडा नाही. व्हर्लिनने आतून बोट फिरवलं. "तासलेली नाही गं."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं," ड्वेन म्हणाला. "त्या जुलैआधीचा अख्खा हिवाळा मी बॅट घेऊन गोल्फच्या शेडमध्ये जात होतो. तिथलं मशीन प्रत्येक फटक्याचा वेग सांगतं, कोन सांगतं. आपल्याला लहानपणी वरून खाली मारायला शिकवलं, ते चूक. गोल्फवाल्यांचा चेंडू बिचारा जागचा हलत नाही. आपला उतरत येतो. बॅट त्याच्याच वाटेने जरा वर न्यायची, की आला तसा परत जातो."

"त्या वाटेवर व्हर्लिन उभा होता."

"होता. वाईट वाटतं मला. पण फटका चांगला होता."

चोरी सापडली असती तर तिचा राग तिथेच फिटला असता. फटका चांगला होता म्हणे. तिने करवत पिशवीत टाकली.

"चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सामन्यात बायकांना बॅटिंग देतात ना? यंदा चेंडू कोण टाकतंय?"

ड्वेन म्हणाला, "मी."

"बरं."

"अगं, तू जन्मात बॅट धरली नाहीस," व्हर्लिन म्हणाला.

"मग मला वरून खाली मारायची सवय तरी मोडावी लागणार नाही."

ती पायऱ्या चढून वर आली, देवाचं नाव घेतलं आणि गाडी काढली. मशीनवर रोज तासभर जागा मिळेल का, ते विचारायला तिला गोल्फच्या शेडमध्ये जायचं होतं.