बिनआवाजाची गाडी वाडीला पोचत नाही

आमची जुनी डिझेल पिकअप सुरू झाली की आळीतली कुत्री गप्प व्हायची. या आवाजापुढे आपलं काही चालायचं नाही, हे त्यांना कळलं होतं. मला कळायला फार वर्षं लागली.

मी कळंबच्या बाजूच्या रिसॉर्टना भाजीपाला पुरवतो. पावसाळ्यात डोंगराखालच्या ठाकरांच्या वाडीतून रानभाज्या आणतो. टाकळा, कुर्डू, कंटोली. एकेकाळी ही गरिबाची भाजी होती. आता तिच्याशेजारी मेनूकार्डात पानाफुलांची वेलबुट्टी असते, आणि मुंबईचे पाहुणे तिचा घास घेताना डोळे मिटतात. भाजी तीच, फक्त आता ती खाण्याआधी तिचा फोटो निघतो.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या रिसॉर्टच्या मॅनेजरने एक दिवस मला गेटवरच अडवलं.

"सर, तुमच्या गाडीचा फार आवाज होतो. आमचे गेस्ट शांततेसाठी येतात."

हे तो मला ओरडून सांगत होता, कारण मागे स्विमिंग पूलवर डीजे लागला होता. सकाळचे नऊ वाजले होते. शांततेला आलेले गेस्ट कमरेइतक्या पाण्यात नाचत होते.

"पुढच्या सोमवारी श्रावणी थाळी सुरू होतेय," तो म्हणाला. "नऊच्या आत ताजी भाजी आणि बिनआवाजाची गाडी. नाहीतर आम्ही मार्केटचा पालक घेऊ."

पालक! मला हसू आलं. मग वाडीतल्या मावशीचा चेहरा आठवला आणि हसू गेलं. लावणी उरकली की शेतातली मजुरी संपते. मग कापणीपर्यंत तिथल्या पाच घरांची चूल टाकळ्यावर चालते, आणि तो टाकळा घेणारा मी एकटा. मला दुसरी गिऱ्हाइकं होती. त्यांना नव्हती.

मग आमच्या घरात छोट्या मालगाड्यांच्या भविष्यावर परिषद भरली. देशातल्या मोठमोठ्या कारखानदारांना सुचलं नसतं ते आमच्या ओट्यावर चहाच्या दोन फेऱ्यांत सुचलं.

खालापूरहून गॅरेजवाले चाचा आले. कोकणी मुसलमान, सत्तरीला टेकलेले, आणि आमच्या पिकअपचे जन्मापासूनचे डॉक्टर. त्यांचं मत ठाम होतं.

"डिझेल म्हणजे डिझेल. बाकीचं सगळं मिक्सर-ग्राइंडर."

"चाचा, सीएनजी?"

"घे की. अर्धा हौदा टाक्यांना दे, उरलेल्या अर्ध्यात टाकळा भर. नि पंपावरच्या रांगेत उभा राहा. रांग सरेपर्यंत भाजी तिथंच शिजंल."

"आणि बॅटरीवाली?"

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. कुणी गेल्याची बातमी आल्यावर ठेवतात तसा.

माझी बायको मात्र बॅटरीच्या बाजूची होती. "घरात चार्जिंग होतं, धूर नाही, आवाज नाही. अहो, घरात एक तरी शांत वस्तू येऊ दे." असं म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं, ते मी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी शोरूमचा विक्रेता बॅटरीवाली पिकअप घेऊन हजर झाला. टाय, चकचकीत बूट, आणि बाहेर आषाढाचा चिखल. म्हणाला, "आठवडाभर वापरून बघा सर. गाडी स्वतःच बोलेल." गाडी एक चकार शब्दही बोलणार नव्हती, हाच तर तिचा गुण होता.

त्याला शेजारी बसवून मी वाडीकडे निघालो. खोटं कशाला बोलू, गाडी झकास. ओढ्यावरचा साकव ओलांडून चढ लागला, आणि जिथे आमची जुनी म्हातारी पहिल्या गिअरात रामनाम घेत चढायची, तिथे ही तुपावरून घसरावी तशी वर गेली. निम्म्या वेळात वाडीच्या पायथ्याशी.

तिथे कुणी नाही.

एरवी मी पोचतो तेव्हा बायका पाट्या घेऊन रस्त्यावर उभ्या असतात. आज एक कोंबडी होती, तीही दुसऱ्या कामासाठी आलेली. मी हॉर्न वाजवला. काही नाही. त्या वळणावर रविवारचे पाहुणे उगाच हॉर्न वाजवत धबधबा विचारत फिरतात, त्यामुळे वाडीने हॉर्न हा आवाज कानांच्या यादीतून काढून टाकलेला. फोनला रेंज नाही. शेवटी चढून वर गेलो. मागून विक्रेता, बूट हातात.

मावशी अंगणात निवांत सुपात तांदूळ पाखडत बसली होती.

"मावशी, माल?"

"गाडी येऊ दे की."

"गाडी आली. खाली उभी आहे."

"नाय आली."

"अगं, मी आलोय ना तिच्यातून!"

"तू आलास, दादा. गाडी नाय आली. आली असती तर आमाला कळलं असतं."

विक्रेत्याने पुढे होऊन सांगितलं, "मॅडम, आमच्या गाडीला अजिबात आवाज नाही."

"काय म्हनतो ह्यो?"

"म्हणतो, गाडीला आवाज नाही."

"मग दुरुस्त करून आन म्हनावं."

इतक्या वर्षांत मला न कळलेली गोष्ट तिने तेव्हा समजावली. माझी गाडी साकवावर आली की तिचा घरघराट वाडीत ऐकू जायचा. तो ऐकला की बायका रानात शिरायच्या. गाडीला चढायला वीस मिनिटं लागायची, तेवढ्यात टाकळा खुडून, जुड्या बांधून त्या खाली हजर. टाकळा तासाभरात माना टाकतो, म्हणून आधी खुडायचाच नाही. माझ्या भाजीच्या ताजेपणाचं रिसॉर्टवाले जे कौतुक करायचे, ते माझ्या गाडीच्या फुटक्या सायलेन्सरचं होतं!

त्या दिवशी भाजी साडेदहाला पोचली. मॅनेजरने घड्याळाकडे बोट दाखवून फक्त एक शब्द उच्चारला. "पालक."

मी घरी येऊन बायकोपुढे पूर्ण तीन अंकी नाटक केलं. इकडे आवाज केला तर गेट बंद, तिकडे नाही केला तर पाच चुली बंद. ती पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, "मग डीजे लावा."

तिने टोमणा मारला होता. मी उठून चपला घातल्या.

रिसॉर्टच्या अडगळीत एक जुना स्पीकर पडून होता. मॅनेजरने विचारलं, कशाला हवा? मी म्हणालो, "भजनाला." त्याने हात जोडून दिला. मग चाचांना बोलावलं. जुन्या पिकअपचा साकवापासून वाडीपर्यंतचा आवाज भरून घ्यायचा, आणि तो नव्या गाडीच्या टपावरून वाजवायचा.

चाचांनी जुन्या पिकअपचं बॉनेट उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "एक दिवस दे. तयारी करतो."

शुक्रवारी आम्ही मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हौद्यात बांधला आणि म्हातारीला शेवटची चढवली. चाचा स्वतः चालवत होते. मध्येच थांबून म्हणाले, "मागं घेतो, त्या वळणावर क्लच बरोबर सुटला नाय." असा रियाज मोठ्या गवयांनीही केला नसेल.

शनिवारी रंगीत तालीम. साकवावर स्पीकर सुरू केला आणि नवी गाडी मुद्दाम वीस मिनिटं रेंगाळत नेली. मागून आलेला एक दुचाकीवाला शेजारी येऊन म्हणाला, "काका, इंजिन गेलंय तुमचं, बघून घ्या."

पायथ्याशी बायका होत्या! मी टाळ्याच वाजवल्या. पण पाट्यांत टाकळा सुटा, अर्ध्याही जुड्या बांधलेल्या नाहीत.

"हे काय गं, मावशी?"

"मला काय इचारतोस? आज गाडी दुसऱ्या वळनाला खोकलीच नाय. ती खोकली की आमी खुडायचं थांबवून जुड्या बांधाया घेतो. आज वाट बघत खुडतच राहिलो."

मी तडक खालापूर गाठलं. "चाचा, तयारी म्हणून नक्की काय केलंत?"

चाचा खजील झाले. आवाज भरण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी जुन्या गाडीची पूर्ण सर्व्हिसिंग केली होती. फिल्टर नवा, डिझेलच्या नळीतली गळती बंद.

"अरे, शेवटचा फोटो काढायचा तर माणसाला अंघोळ घालशील की नाय?"

"चाचा, तिला परत बिघडवा."

"जन्मभर गाड्या सुधारल्या मी. ह्या वयात असली कामं सांगतोस?" असं म्हणत त्यांनी पाना उचलला आणि रविवारी सकाळी गाडी अशी बिघडवली की आवाज पुन्हा भरताना दुसऱ्या वळणावर ती पूर्वीपेक्षाही करुण खोकली. चाचांनी स्टिअरिंगवर हात फिरवला. "शाबास."

सोमवारी साकवावर आवाज सोडला. दुसऱ्या वळणाला खोकला. पायथ्याशी पोचलो तेव्हा एकेक जुडी बांधलेली, पानांवर पाणी तसंच. गेटच्या अलीकडे स्पीकर बंद केला आणि साधूसारखा आत शिरलो. नऊला दहा मिनिटं कमी. मॅनेजरने एक पान मोडून पाहिलं, ते कडकन मोडलं. मग गाडीकडे बघून खूश होऊन म्हणाला, "बघा सर, आवाज नाही तर किती ताजी राहते भाजी!" आणि थाळीची संपूर्ण श्रावणाची ऑर्डर दिली. मी नम्रपणे मान हलवली. पूलवर डीजे सुरू होताच.

गाडी मी ठेवून घेतली. भविष्य बॅटरीचंच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त त्याला थोडा खोकला लागतो.

मंगळवारी पाट्या चढवून झाल्यावर मावशीने नव्या गाडीच्या गुळगुळीत दारावर हात ठेवला.

"रंग दिलास वाटतं हिला. पन छातीत अजून घरघर हाय बिचारीच्या."

"दाखवू का चाचांना?"

"नको रं दादा," ती म्हणाली. "पाऊस सरंपर्यंत तरी राहू दे."