सासूबाईंनी चाळलेली माती

माळावरच्या रानाची माती शेतकऱ्यांच्या सोसायटीत तपासायला द्यायची ठरली, तेव्हा सासूबाईंनी ती पिठाच्या चाळणीनं चाळली. खडा न् खडा वेचला. मुळात ती आणलीच होती बांधाच्या कडेची, वाहून आलेला गाळ साचतो तिथली. मी म्हटलं, आत्या, माती तपासायला मागितलीय, पाहुण्यांच्या ताटात वाढायची नाहीये. त्यांनी लक्षच दिलं नाही. चारचौघांत आपल्या रानाची शोभा व्हायला नको, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

लागोपाठ दुष्काळ पडत होता. पाटोद्याकडच्या आमच्या सोसायटीनं ठरवलं होतं की ज्यांची जमीन हलकी, त्यांना बाजरीचं बियाणं द्यायचं आणि पीकही सोसायटीनंच विकत घ्यायचं. आमचा नंबर लागला असता, तर त्या साली आम्हा नवराबायकोला ऊस तोडायला जावं लागलं नसतं. पोरगी पहिलीत जाणार होती. तिला दिवाळीनंतर शाळेतून उचलून उसाच्या फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत न्यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

माती तपासणाऱ्या साहेबांनी सासूबाईंची माती ओली करून मुठीत दाबली. तिचा छान लाडू वळला. जमीन भारी आहे, कापूस घ्या, असं सांगून त्यांनी आम्हाला बाजरीतून वगळलं. सासूबाई खुशीत घरी आल्या. माझं डोकंच फिरलं. तशीच उठून मी साहेबांना गाठलं आणि म्हटलं, आधी माळावर चला, मग कापसाचं बोला.

ते आले, टिकाव घातला. वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम. सासूबाई पदर तोंडाला लावून लांब उभ्या होत्या. भर बाजारात कुणी आपलं फाटकं लुगडं उलगडून दाखवावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. इतका वेळ चिडलेली मी, पण तेव्हा मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं.

साहेबांनी हात झटकले. "आजी, बाजरीला अशी जमीन चालते. इथं पाणी तुंबत नाही."

सासूबाईंनी ते पुन्हा विचारून खात्री करून घेतली. लग्न होऊन आल्यापासून त्या रानाला कुणी बरं म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

बाजरीच्या यादीत आमचं नाव लागलं. पाऊस बेताचाच झाला, पण कणसं टचटचीत भरली. दसऱ्याच्या सुमारास मुकादम नेहमीसारखा कोयता ठरवायला, म्हणजे आमचं जोडपं ऊसतोडीला बोलून ठेवायला, दारात आला. नवरा काही बोलायच्या आत सासूबाई सूप बाजूला ठेवून उठल्या.

"ह्या साली आमचा कोयता न्हाई," त्या म्हणाल्या. "नात शाळंत हाय."