डाव्या कुशीवर

डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेआधी मी चिंचवडला घरी अभ्यासाला आले होते. माझी थोरली बहीणही तेव्हाच पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. हृदयाच्या झडपांचं प्रकरण काही केल्या माझ्या डोक्यात राहीना. म्हणून ताई लसूण सोलायला बसली, की मी तिलाच ते मराठीत समजावून सांगायचे.

"लहानपणी सांधे धरून ताप येतो. पुढे झडप आवळते. चालताना दम लागतो, गाल लाल दिसतात. डाव्या कुशीवर निजवून ऐकलं, तर लांबून जात्याची घरघर यावी तसा आवाज येतो."

"मग ऐक की माझा," म्हणत ती डाव्या कुशीवर आडवी झाली. तिला थट्टा वाटत होती, मलाही.

वॉर्डातल्या गर्दीत मला कधी नीट न सापडलेला तो आवाज तिच्या छातीत लगेच सापडला. कानातली नळी नीट लावून मी पुन्हा ऐकलं, आवाज तोच. लहानपणी गुडघे सुजून ती अंथरुणाला खिळली होती, ते आठवलं. आणि तिच्या गालांवरची लाली म्हणजे दिवस गेल्याचं तेज, असं समजून आई रोज तिची दृष्ट काढत होती!

मी आईला सांगितलं, "बाळंतपण पुण्याला दवाखान्यातच करायचं. घरी केलं तर ताई हातची जाईल."

आई भडकली. "दवाखान्यात नेलं की सासरी कळणारच. मग तिला परत कोण नेईल? दुखणाईत पोरगी गळ्यात मारली म्हणतील. आपली सुईण हाय की."

मला आईचा भयंकर राग आला. पोरीला डॉक्टर करायचं आणि ऐकायचं सुईणीचं! त्याहून जास्त राग याचा आला, की सासरबद्दल ती म्हणत होती ते खोटं नव्हतं.

ताई आमच्या दोघींकडे बघत होती. लसूण तसाच पडला होता.

"तिथं मूल वाचंल का?" तिनं विचारलं.

"दोघंही वाचाल," मी म्हणाले. पुस्तकात इतकं ठाम कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ती दवाखान्यात गेली. मुलगी झाली, दोघी वाचल्या. मी पासही झाले. बारशाला सासरचं कुणी आलं नाही, आणि नंतरही कधी आलं नाही.

भाची आता माझ्या खांद्याएवढी झाली आहे. अधूनमधून मी ताईची छाती तपासते. मी पिशवीतून नळी काढली, की ती न सांगता डाव्या कुशीवर वळते, आणि आई उठून मागच्या दारी जाते.